धूळ न पुसलेली फेरारी

पश्चिम फ्रान्समधल्या एका शेडमध्ये १९६१ची फेरारी २५० जीटी कॅलिफोर्निया स्पायडर सापडली, तेव्हा तिच्या अंगावर जुन्या मासिकांचे गठ्ठे रचलेले होते. शेजारी मासेराती ए६जी, तीही तशीच धूळ खात पडलेली. रोझे बायों या ट्रान्सपोर्टवाल्याने संग्रहालय काढायचं म्हणून गाड्या जमवल्या होत्या. सत्तरच्या दशकात धंदा बसला, काही गाड्या विकाव्या लागल्या आणि उरलेल्या जिथल्या तिथे राहिल्या. एके काळी ही फेरारी अभिनेता आलँ दलाँकडे होती. जेन फोंडा शेजारी बसलेली असतानाचा त्याचा या गाडीतला फोटो प्रसिद्ध आहे. फेब्रुवारी २०१५मध्ये पॅरिसच्या लिलावात ती धुळीसकट उभी राहिली आणि १ कोटी ६० लाख युरोंच्या वर गेली.

किंमत बाजूला ठेवू. गाडी बघावी ती बाजूने. काचेखाली झाकलेल्या हेडलाइटपासून निघालेली रेघ दारापाशी किंचित खाली येते आणि मागच्या चाकावर उसळते. आधीच्या कॅलिफोर्नियापेक्षा दोन चाकांमधलं अंतर इथे २० सेंटिमीटरने कमी केलं आहे. त्यामुळे तो उसळलेला भाग थेट ड्रायव्हरच्या पाठीशी येऊन भिडतो आणि उभी गाडीही निघण्याच्या बेतात वाटते. रेखाटन पिनिनफारिनाचं, बॉडी मोदेनाच्या स्कालिएत्तींच्या कारखान्यातली, हाताने ठोकलेली. त्यामुळे डावी-उजवी बाजू तंतोतंत जुळायची अपेक्षाच करू नये. मला तर तोच तिचा गोडवा वाटतो.

खरी मेख पत्र्यात आहे. या गाड्यांची बॉडी बहुतेक पोलादी, पण दारं, बॉनेट आणि डिकीचं झाकण अ‍ॅल्युमिनियमचं. दोन धातू एकमेकांना चिकटले आणि मध्ये ओल शिरली की अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. रंगाखाली फोड येतात, कडेला पांढरी भुकटी सुटते. वरून लांबी भरून चकचकीत रंग मारणारा कारागीर हे झाकतो. जाणकार तो कडेचा पत्रा उघडतो, खाल्लेलं तेवढंच कापतो, नवा तुकडा जोडतो आणि मूळ ठोक्यांच्या खुणा राहू देतो. सगळं घासून नवंकोरं करणं म्हणजे काळ्या पाषाणाच्या देवळाला ऑइलपेंट फासून जीर्णोद्धार झाला म्हणणं.

इंजिनापुढे मात्र हा हळवेपणा उपयोगाचा नाही. बारा सिलिंडरचं तीन लिटरी इंजिन इतक्या वर्षांनी थेट स्टार्टर मारून जागं करू पाहणाऱ्याला गॅरेजबाहेर काढावं. आधी प्लग काढायचे, प्रत्येक सिलिंडरमध्ये तेल सोडायचं, ते मुरू द्यायचं आणि मग क्रँक हाताने, अगदी सावकाश फिरवायचा. कुठे अडलं तर जोर न लावता थांबायचं. कार्ब्युरेटरमधला वाळलेल्या पेट्रोलचा चिकटा धुवायचा, टाकी उतरवून आतला गंज काढायचा.

सीटचं तडकलेलं चामडं ठेवावं, डॅशबोर्डवरचा उडालेला रंगही ठेवावा. टायर आणि ब्रेकचे होस मात्र बिनदिक्कत नवे घालावेत. तिथे मूळ माल जपायला जाणारा पहिल्याच उतारावर पस्तावेल.