सर्व्हर डाऊन : एका कारणाची चिकित्सा

(सांगली येथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मागच्या महिन्यात साताऱ्यात बोललो, तेव्हा शेवटी एक मुलगा उभा राहिला. म्हणाला, "सर, तुम्ही आयुष्यभर कार्यकारणभाव शिकवलात. आमच्या कामात त्याचा काय उपयोग?" काम काय, म्हटलं. तर डेटाबेस सांभाळतो. मी म्हटलं, सांगलीच्या व्याख्यानात उत्तर देतो. तो आज साताऱ्याहून आलाय, मागे बसलाय. म्हणजे आता सुटका नाही.

आधी माझी गोष्ट सांगतो. नोव्हेंबर महिना म्हणजे आम्हा पेन्शनरांचा परीक्षेचा महिना. हयातीचा दाखला द्यायचा असतो. गेल्या वर्षी एका कचेरीत गेलो. खिडकीवरचा मुलगा म्हणाला, "आजोबा, सर्व्हर डाऊन आहे." म्हणजे मी जिवंत आहे की नाही, हे त्या दिवशी ठरू शकलं नाही. देकार्तने 'मी विचार करतो म्हणून मी आहे' एवढ्यावर काम भागवलं. त्याला ओटीपी लागत नव्हता.

मला गंमत वाटली, कारण मला दुसऱ्या दिवशी यायला काही अडचण नव्हती. शेजारी एक बाई बसली होती, सासूचा कसलासा दाखला काढायला आलेली. तिने विचारलं, "डाऊन का झालाय?" मुलगा म्हणाला, "लोड आलाय." ती गप्प उठून गेली. तिची त्या दिवसाची मजुरी बुडाली होती. आज मला त्या 'लोड आलाय' या उत्तराची चिकित्सा करायची आहे. हे उत्तर आपण सगळ्यांनी कारण म्हणून स्वीकारलंय. माझ्या मते ते कारण नाहीच.

ज्यांना विषय नवा आहे त्यांच्यासाठी दोन वाक्यं. पूर्वी एक दप्तर एका कपाटात असायचं. आता दप्तर एवढं मोठं झालंय की ते अनेक यंत्रांवर वाटून ठेवतात, आणि एखादं यंत्र बिघडलं तर पंचाईत नको म्हणून प्रत्येक नोंदीच्या दोन-तीन प्रती वेगवेगळ्या यंत्रांवर असतात. या गटाला क्लस्टर म्हणतात. ॲमेझॉनच्या लोकांनी २००७ साली 'डायनॅमो' नावाचा निबंध लिहिला, फेसबुकने २००८ मध्ये 'कॅसांड्रा' खुलं केलं, आणि ही पद्धत जगभर पसरली. इतकी यंत्रं, इतक्या प्रती, आणि तरीही तो गट अचानक कासवासारखा चालायला लागतो. का?

आता आपलं शास्त्र घेऊ. वाईत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी राहत. तर्कतीर्थ ही न्यायशास्त्राची पदवी. या न्यायशास्त्रात कारणाच्या व्याख्येला एक मजेदार उदाहरण जोडलेलं असतं. घट तयार होण्याआधी कुंभार असतो, चाक असतं, दांडा असतो, आणि माती वाहून आणणारं गाढवही असतं. मग गाढव घटाचं कारण का नाही? नैयायिक म्हणतात, ते अन्यथासिद्ध आहे. आधी हजर होतं, पण त्याच्यावाचून काही अडलं नसतं. माती डोक्यावरूनही आली असती.

'लोड' हे पुष्कळदा असं गाढव असतं. सर्व्हर अडला तेव्हा ते तिथे होतं, म्हणून त्याला पकडलं. पण तेवढाच लोड काल होता आणि सर्व्हर चालत होता, किंवा लोड ओसरला तरी सर्व्हर उठत नाही, असं दिसलं की ओळखायचं, कारण दुसरीकडे आहे. अन्वय आणि व्यतिरेक, दोन्ही तपासायचे. जिथे ते आहे तिथे कार्य आहे का? जिथे ते नाही तिथे कार्यही नाही का? साताऱ्याच्या मित्रा, तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर झालं. उरलेलं तीन उदाहरणांनी देतो.

पहिलं उदाहरण वाटणीचं. समजा, दहा खिडक्या आहेत आणि लोकांना आडनावाच्या पहिल्या अक्षराने वाटलंय. सातारा-सांगलीत 'प'ची खिडकी कुठली, हे सांगायला नको. पाटील आणि पवार एकाच रांगेत! 'ठ'च्या खिडकीवरचा माणूस पेपर वाचतोय, आणि 'प'ची रांग रस्त्यावर आलीय. साहेब वरून बघतात: दहा खिडक्या, सरासरी गर्दी बेताची. डेटाबेसमध्ये नेमकं हेच होतं. नोंदी कशाच्या आधारे वाटायच्या, ती किल्ली चुकली की एक यंत्र तापतं आणि बाकीची निवांत राहतात. तारखेप्रमाणे वाटलं तर आणखी वाईट, कारण आज येणारा प्रत्येक अर्ज आजच्याच तारखेचा. तो शेवटच्याच यंत्रावर जाणार.

इथे आणखी दहा यंत्रं आणून काय होईल? पाटील तेव्हाही एकाच खिडकीवर. उलट नवीन यंत्र आलं की जुन्यांना आपल्याकडच्या नोंदी त्याला काढून द्याव्या लागतात, म्हणजे दमलेल्या माणसाला सामान हलवायला लावायचं. उपाय वाटणीत आहे. आडनावाऐवजी अर्ज क्रमांकाने वाटा. पण हाही फुकट नाही. उद्या कोणी 'सगळे पाटील दाखवा' म्हटलं, तर प्रत्येक यंत्राला विचारावं लागेल.

तिथून दुसरं उदाहरण निघतं, सरासरीचं. गूगलचे जेफ्री डीन आणि लुइझ बारोसो यांचा २०१३ चा 'द टेल अॅट स्केल' हा निबंध या क्षेत्रात फार वाचला जातो. त्यातला एक हिशोब तुम्ही घरी कागदावर करू शकता. प्रत्येक यंत्र शंभरात एकदाच रेंगाळतं, ९९ वेळा चटकन उत्तर देतं. उत्तम यंत्र. पण एका प्रश्नासाठी अशा १०० यंत्रांना विचारावं लागलं, आणि सगळ्यांची उत्तरं आल्याशिवाय पुढे जाता येत नसलं, तर १०० पैकी ६३ प्रश्न रेंगाळतात. एकही यंत्र वाईट नाही, आणि बहुतेक लोक ताटकळलेले! अहवालातली सरासरी मात्र हिरवीगार.

मी या निबंधाचा आदर करतो, पण त्यातला एक उपाय जपून घ्यावा असं मला वाटतं. ते म्हणतात, एका यंत्राचं उत्तर नेहमीपेक्षा उशिरा येत असेल, तर तोच प्रश्न दुसऱ्या प्रतीला विचारा. जो आधी उत्तर देईल त्याचं घ्या. यामुळे फार थोडा जास्तीचा भार पडावा, याची काळजी निबंधातच घेतली आहे. सुकाळात हे शहाणपण आहे. दुष्काळात, म्हणजे सगळीच यंत्रं मागे पडलेली असताना, सगळेच प्रश्न उशिराचे ठरतात आणि प्रत्येक प्रश्न दोनदा विचारला जातो. सुकाळातला नियम दुष्काळात तसाच लावणं ही चूक शेतकरी सहसा करत नाही, अभियंते करतात.

रांगेचं गणितही सरळ नसतं. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एर्लांग या गणितज्ञाने १९०९ पासून याचा अभ्यास मांडला. सर्वांत साध्या नमुन्यात, ज्या कामाला एकट्याने १० मिलिसेकंद लागतात, त्याला यंत्र ५० टक्के व्यग्र असताना रांगेसकट सरासरी २० लागतात. ९० टक्क्यांवर १००. ९९ टक्क्यांवर एक पूर्ण सेकंद. म्हणजे ९० पर्यंत चाललं तर ९९ लाही चालेल, हा भ्रम. 'यंत्र पूर्ण वापरलं पाहिजे, रिकामं का ठेवायचं?' असं विचारणाऱ्या हिशोबनीसाला ती मोकळी जागा कशासाठी असते ते कळलेलं नाही. पावसाळ्यात कोयना धरण आधीच काठोकाठ भरून ठेवावं, असं आपल्यापैकी कोणी म्हणेल का?

कोयनेचं नाव निघालंच आहे. ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, आणि पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं. या सभागृहातल्या कित्येकांच्या घरात ते पाणी होतं. पातळी आपण सांगलीत मोजली. पण ते पाणी महाबळेश्वर, पाटण, वारणेचं खोरं आणि मधल्या मोकळ्या पाणलोटात पडलं होतं. पुलाला दोष देऊन भागत नाही. क्लस्टरमध्येही जे यंत्र बुडालेलं दिसतं, ते पुष्कळदा आयर्विन पूल असतं. पाणी कुठून येतंय, हे वर जाऊन बघावं लागतं.

तिसरं उदाहरण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. २८ एप्रिल २०२१, दुपारी चार वाजता, १८ वर्षांवरच्या सर्वांसाठी कोविन पोर्टलवर लशीची नोंदणी सुरू झाली. साऱ्या देशाला एकच घटका दिली. आठवा ते दिवस, घराघरांत धास्ती होती. ओटीपी येईना. मग माणूस काय करतो? पुन्हा बटण दाबतो. त्या दिवशी एक कोटीहून जास्त लोकांची नोंदणी झालीही, पण पहिल्या तासाभरात घालमेल झाली ती अनेकांना आठवत असेल.

हे पुन्हा दाबणं नीट पाहा. माणूस तीनदा दाबतो. त्याच्या मागचा प्रोग्राम उत्तर न आल्यास आपणहून तीनदा विचारतो, आणि त्याच्या मागचाही तीनदा. तीन त्रिक नऊ, नऊ त्रिक सत्तावीस. एका गरजेचे सत्तावीस प्रश्न होतात. यंत्र ते सव्वीस मुकाट्याने सोडवत बसतं, विचारणारा केव्हाच कंटाळून गेलेला असताना. तेवढ्यात शेजारच्या यंत्रांना वाटतं, हे मेलं. त्याचं काम ती वाटून घेतात आणि तीही बसतात.

नेथन ब्रॉन्सन आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये यावर एक छोटा निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं असं की, अशा बिघाडात सुरुवात करणारं निमित्त निघून जातं, तरी बिघाड टिकतो, कारण तो स्वतःला पोसणारं एक चक्र तयार करतो. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला हा भेद लगेच ओळखू येतो. उत्पन्न होण्याचं कारण वेगळं, टिकून राहण्याचं कारण वेगळं. काडीने आग लागली. आता काडी शोधून आग विझणार नाही. 'लोड आला' ही काडी आहे. संध्याकाळी गर्दी ओसरल्यावरही सर्व्हर का पडून आहे, याचं उत्तर तिच्यात नाही.

अशा वेळी कोणीतरी म्हणतं, 'बंद करून चालू करा.' कधी चक्र तुटतं, खरंय. पण बंद केल्यावर यंत्राची ताजी आठवण पुसली जाते. चालू झाल्यावर प्रत्येक गोष्ट ते डिस्कवरून शोधायला लागतं आणि दारात तीच गर्दी. शिवाय पुरावाही जातो. आधी बघा: काम कुठे थांबलंय? प्रोसेसरवर, डिस्कवर, नेटवर्कवर, की एका कुलपापाशी सगळे किल्लीची वाट पाहतायत? प्रोसेसर १०० टक्के दिसला की लोक खूश होतात, सापडलं! तो निरोगी यंत्रातही तसा दिसतो. याला आपल्याकडे सव्यभिचारी हेतू म्हणतात. एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि बदलल्यावर मोजा.

आणि सर्वांत अवघड उपाय म्हणजे वेळेवर नाही म्हणणं. झेपेल तेवढ्यांना आत घ्यायचं, बाकीच्यांना ताबडतोब आणि खरं सांगायचं: आत्ता होणार नाही, अमुक वेळी या. आपल्याला हे कठोर वाटतं. पण त्या बाईला सकाळी दहालाच सांगितलं असतं, तर तिचा दिवस वाचला असता. सगळ्यांना आत घेऊन कोणालाच काही न देणं, याला मी दया म्हणणार नाही.

शेवटचं उदाहरण आपल्या राज्यातलं. जुलै २०२४, लाडकी बहीण योजना. महिना १,५०० रुपये, अर्जाची मुदत १ ते १५ जुलै. तहसील कचेऱ्यांत उत्पन्नाच्या आणि अधिवासाच्या दाखल्यांसाठी झुंबड उडाली. अॅप चालत नाही अशा बातम्या येऊ लागल्या. मग काय झालं? मुदत ३१ ऑगस्टपर्यंत वाढली. पिवळ्या-केशरी शिधापत्रिकावाल्यांना उत्पन्नाचा दाखला नको, आणि अधिवासाऐवजी १५ वर्षांपूर्वीची शिधापत्रिका चालेल, असं ठरलं. राजकारण बाजूला ठेवा आणि याकडे डेटाबेसवाल्याच्या नजरेने बघा. गर्दी पंधरा दिवसांतून दोन महिन्यांवर पसरली, आणि जे सरकारला शिधापत्रिकेवरून आधीच माहीत होतं ते पुन्हा विचारणं थांबलं. सर्व्हर हलका करण्याची इतकी ताकद कुठल्याही नव्या यंत्रात नसते. म्हणजे ती दुरुस्ती शासन निर्णयाच्या कागदावर होती. मग मूळ बिघाडही थोडा त्याच कागदावर असणार, नाही का? पंधरा दिवसांची मुदत लिहिणाऱ्याच्या मनात रांग आलीच नव्हती.

इथे माझी तक्रार त्या इंग्रजी निबंधांबद्दलही आहे. ते अचूक आहेत, पण त्यांत माणूस फक्त 'लोड' म्हणून येतो. जणू पाऊसच. पावसाला मुदत नसते, भीती नसते. बटण पुन्हा दाबणाऱ्याला असते, म्हणून तो दाबतो. ती मुदत कोणी घातली, आणि त्याला खरी स्थिती कोणी सांगितली नाही, हेही कारणांच्या यादीत आलं पाहिजे. त्याशिवाय ती यादी पुरी होत नाही.

तर साताऱ्याच्या मित्रा, उपयोग एवढाच. उद्या तुझा साहेब 'लोड आला होता' असं अहवालात लिहायला सांगेल, तेव्हा त्याखाली आणखी चार ओळी लिही. कुठल्या यंत्रावर आला, कुठल्या किल्लीमुळे, ओसरल्यावर कशाने टिकला, आणि रांगेत कोण होतं.

माझा दाखला चौथ्या दिवशी मिळाला. मी जिवंत आहे. ती बाई पुन्हा आली होती का, हे त्या मुलाला सांगता आलं नाही. ते कुठल्याच यंत्रावर नोंदलेलं नव्हतं.