लिव्हीचा हॅनिबल : विशेषणे आणि प्रसंग

रोमन इतिहासकार लिव्ही याच्या रोमेतिहासाचे एकंदर १४२ ग्रंथ होते. त्यांपैकी आज ३५ उरले आहेत. सुदैव असे की, इ. स. पू. २१८ ते २०१ या काळात रोम आणि कार्थेज यांच्यात झालेल्या दुसऱ्या प्यूनिक युद्धाची हकीकत सांगणारे २१ ते ३० हे दहाही ग्रंथ शिल्लक आहेत. प्रस्तुत लेखकास लॅटिन येत नाही. ऑब्रे द सेलिंकूर यांचा पेंग्विनने १९६५ साली प्रसिद्ध केलेला इंग्रजी अनुवाद हाच आधार असल्याने लिव्हीच्या भाषाशैलीविषयी बोलण्याचा अधिकार मला नाही. मात्र त्याने माणसे कशी उभी केली, हे अनुवादातूनही पुरेसे कळते. आणि तेथेच एक मोठी विसंगती दिसते.

एकविसाव्या ग्रंथाच्या आरंभीच लिव्ही हॅनिबलचे व्यक्तिचित्र रेखाटतो. संकटात पुढे, थकवा ठाऊक नाही, ऊन-थंडी सारखीच, भूक लागेल तेवढेच खाणे, शिपायाच्या झुलीत अंग लपेटून पहारेकऱ्यांच्या मधोमध जमिनीवर निजणे. एवढे भरभरून दिल्यावर तो लेखणी एकदम उलटी धरतो. अमानुष क्रौर्य, कार्थेजच्या माणसालाही लाजवील असा विश्वासघातकीपणा, सत्याची, देवाची, शपथेची चाड नाही! दोषांची ही यादी वाचताना वाटते, रोमन वाचकापुढे शत्रूची एवढी स्तुती झाल्यावर तिचे प्रायश्चित्तच चालले आहे.

यादी बाजूला ठेवावी आणि लिव्हीनेच सांगितलेले प्रसंग पाहावेत. इ. स. पू. २१७ मध्ये त्रासिमेन सरोवराकाठी रोमन सेनेचा संहार झाला. त्यानंतर अंत्यसंस्कारासाठी हॅनिबलने कॉन्सल फ्लामिनियसचे शव शोधविले. ते सापडले नाही. २०८ मध्ये मार्सेलस पडला, तेव्हा त्याचे शव मिळाले आणि हॅनिबलने त्यास अग्नी दिला वा मूठमाती दिली म्हणा, पण विधिवत् निरोप दिला. पुढच्याच वर्षी मेटॉरस नदीवर हॅनिबलचा भाऊ हस्द्रुबल मारला गेला. विजयी कॉन्सल क्लॉडियस नीरोने त्याचे मस्तक जपून आणविले आणि कार्थेजच्या चौक्यांसमोर फेकविले. हे तिन्ही प्रसंग लिव्ही सांगतो. अमानुष हे विशेषण कोणाच्या वाट्याला जाते, हे तो सांगत नाही. पण झाकूनही ठेवत नाही.

हॅनिबल म्हणजे साधू असे यावरून कोणी समजू नये. मार्सेलसचे शव सन्मानाने मार्गी लावणाऱ्या याच सेनापतीने त्याच्या बोटातील मुद्रेची अंगठी काढून घेतली आणि सालापिया नगराला बनावट पत्र धाडले. डाव फसला, ही गोष्ट वेगळी. माझ्या मते लिव्हीच्या हॅनिबलमध्ये जीव आहे तो येथे. यादीतील गुण एका रांगेत आणि दोष दुसऱ्या रांगेत उभे आहेत. प्रसंगात मात्र ते एकाच हातून, एकाच दिवसाच्या आगेमागे घडतात.

कापुआचेही तसेच. तेथील हिवाळ्याच्या सुखविलासाने कार्थेजची सेना कायमची बिघडली, असे लिव्ही तेविसाव्या ग्रंथात ठासून सांगतो. अठ्ठाविसाव्यात तोच लेखक थक्क होतो, की नाना देशांची, नाना भाषांची ही भाडोत्री फौज परमुलखात तेरा वर्षे राहिली आणि एकदाही बंड झाले नाही. दोन्ही विधाने एकत्र कशी नांदावीत, याचा त्याने विचार केलेला दिसत नाही.

या बाबतीत ग्रीक इतिहासकार पॉलिबिअस अधिक सावध. तो इ. स. पू. १६७ मध्ये ओलीस म्हणून रोमला आला, स्किपिओ घराण्याच्या आश्रयाने राहिला आणि १४६ मध्ये कार्थेज जळताना तेथे उपस्थित होता. म्हणजे तटस्थ राहण्यास त्यालाही फारशी जागा नव्हती. तरी हॅनिबलच्या क्रौर्याचा प्रश्न येताच तो थांबतो. परिस्थितीने काय करविले, सल्लागारांनी काय करविले, मोनोमाकस हे उपनाम असलेल्या दुसऱ्याच हॅनिबलची कृत्ये याच्या नावावर चढली काय, असे प्रश्न तो विचारतो. नऊ वर्षांच्या हॅनिबलने घेतलेली शपथही त्याच्याकडे सौम्य आहे : रोमनांशी कधी मैत्र ठेवणार नाही, इतकीच. लिव्हीकडे येईतो तिचे उघड वैर झाले.

गंमत अशी, की या फेरफाराने खरे नुकसान झाले ते स्किपिओ आफ्रिकानसचे. इ. स. पू. २०९ मध्ये नवे कार्थेज पडल्यावर सैनिकांनी एक देखणी युवती त्याच्यापुढे आणली. पॉलिबिअसचा स्किपिओ स्त्रियांच्या बाबतीत हळवा म्हणून सैनिकांना ठाऊक आहे. साधा माणूस असतो तर याहून प्रिय भेट नाही, सेनापती म्हणून याहून नकोशी नाही, अशा अर्थाचे बोलून तो तिला बापाच्या स्वाधीन करतो. लिव्ही तेथे तिचा वाग्दत्त वर आणतो, लांबलचक भाषण घालतो, आईबापांनी आणलेले सोने हुंडा म्हणून परत देववितो. पुण्य वाढले आणि माणूस नाहीसा झाला. निंदेने हॅनिबलचे जेवढे बिघडले नाही, तेवढे स्तुतीने स्किपिओचे बिघडले.

येथे एक आक्षेप येईल आणि तो मला खोडता येत नाही. शत्रू जेवढा थोर, तेवढा आपला जय थोर. तेव्हा हा उमदा हॅनिबलही रोमच्याच गरजेतून घडलेला कशावरून नसेल? त्याच्यासोबत राहून लिहिणारे सोसिलस आणि सिलेनस हे ग्रीक होते, कार्थेजचे नव्हते, आणि त्यांचेही ग्रंथ नष्ट झाले. कार्थेजच्या माणसाने लिहिलेला या युद्धाचा इतिहास आपल्यापर्यंत पोहोचलेलाच नाही.

एक मजकूर मात्र हॅनिबलचा स्वतःचा होता. इटली सोडण्यापूर्वी दक्षिणेकडील लाकिनियम येथील देवीच्या मंदिरात त्याने प्यूनिक आणि ग्रीक अशा दोन भाषांत लेख कोरून ठेवला. त्या लेखाची लिव्हीला माहिती आहे. अठ्ठाविसाव्या ग्रंथाच्या अखेरीस तो त्याचा उल्लेख करतो. पण आल्प्स उतरलेल्या सैन्याची संख्या देताना तो एक लाख पायदळापासून वीस हजारांपर्यंतचे अंदाज मांडतो आणि या लेखाचे नावही काढत नाही. पॉलिबिअसने तो कांस्यपट प्रत्यक्ष वाचला आणि आकडे उतरून घेतले : १२,००० आफ्रिकी आणि ८,००० आयबेरी पायदळ, फार तर ६,००० घोडेस्वार. तो पट आज नाही. मंदिराचा एक खांब तेवढा समुद्राकाठी उभा आहे.