लेननचं शिळं वर्तमानपत्र

'इमॅजिन' तुम्ही नक्की ऐकलं असेल. त्यानंतर जेमतेम नऊ महिन्यांनी, १२ जून १९७२ ला, जॉन लेनन आणि योको ओनो यांचा 'सम टाइम इन न्यू यॉर्क सिटी' हा डबल अल्बम आला. तो बहुतेक तुम्ही ऐकला नसेल, किंवा अर्ध्यात सोडला असेल. त्यात तुमचं फार चुकलं नाही. तरीही व्हिसावर राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी तो एकदा शेवटपर्यंत ऐकावा असं मला वाटतं.

कव्हर वर्तमानपत्रासारखं आहे: 'न्यू यॉर्क टाइम्स'ची नक्कल, बातम्यांच्या जागी गाण्यांचे शब्द आणि एका फोटोत निक्सन आणि माओ विवस्त्र नाचताना. पहिली रेकॉर्ड स्टुडिओतली. साथीला 'एलिफंट्स मेमरी' हा न्यू यॉर्कचा बँड, निर्माता फिल स्पेक्टर. विषय ताजे: ॲटिका तुरुंगातला उठाव आणि गोळीबार, डेरीतला ब्लडी संडे, अँजेला डेव्हिसची अटक, दोन जॉइंट्सपायी दहा वर्षांची शिक्षा झालेला जॉन सिंक्लेअर.

आता तारखा बघा. सिंक्लेअर डिसेंबर १९७१ मध्येच सुटला होता. अँजेला डेव्हिस ४ जून १९७२ ला निर्दोष ठरली, म्हणजे अल्बम येण्याच्या आठवडाभर आधी. सुटकेची मागणी करणारी गाणी दुकानात पोचली तेव्हा माणसं सुटलेली होती. वर्तमानपत्र छापतानाच शिळं झालं.

पण शिळेपणा हा या अल्बमचा मुख्य दोष नाही. बातमीवरचं गाणं आपल्याला नवं नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत अमर शेख, अण्णाभाऊ साठे हेच करत होते. मात्र शाहिराच्या समोर माणसं असतात, त्यांच्याकडे बघून तो शब्द टाकतो. लेननकडेही असे दोन प्रसंग होते. १० डिसेंबर १९७१ ला ॲन आर्बरमध्ये सुमारे पंधरा हजार लोकांपुढे त्याने सिंक्लेअरचं गाणं म्हटलं आणि तीन दिवसांत सिंक्लेअर बाहेर आला. (गाण्यामुळेच सुटला असं म्हणू नका, मिशिगनचा गांजाविषयक कायदा त्याच सुमारास बदलत होता.) त्याच महिन्यात हार्लेमच्या अपोलो थिएटरात ॲटिकातल्या मृतांच्या कुटुंबांसाठी तो गायला.

या दोन्ही कार्यक्रमांतलं एकही रेकॉर्डिंग या अल्बमवर नाही! तीच गाणी स्टुडिओत, स्पेक्टरच्या घुमाऱ्यात पुन्हा बसवली, आणि समोरचा माणूस हरवला. मग उरल्या घोषणा. पहिल्या गाण्याने तर स्त्रीचं दुःख सांगायला कृष्णवर्णीयांना दिली जाणारी शिवी थेट शीर्षकात वापरली. दुसऱ्याची जखम उपमेसाठी उसनी घ्यायची, हे मला आजही पटत नाही.

दुसरी रेकॉर्ड लाइव्ह आहे, पण भलतीच: १९६९ मध्ये लंडनच्या लायसियममध्ये झालेला युनिसेफसाठीचा कार्यक्रम आणि १९७१ चं फिलमोर ईस्टमधलं फ्रँक झॅपासोबतचं जॅमिंग. समीक्षक हिला पुरवणी समजून सोडून देतात. मी सोडणार नाही, ती लायसियमच्या 'डोन्ट वरी क्योको'साठी. क्योको ही योकोची मुलगी. १९६९ मध्ये ती हाकेच्या अंतरावर होती. अल्बम येईपर्यंत तिचे वडील तिला घेऊन गायब झाले होते. मार्च १९७२ मध्ये न्यायालयाने ताबा योकोला दिला, पण मूल कुठे आहे ते कळेना. हॅरिसन, क्लॅप्टन, कीथ मून यांच्या गोंगाटातून येणारी योकोची ती लांबलचक किंकाळी हे कळल्यावर वेगळी ऐकू येते. रेकॉर्डिंग तेच, पण अर्थ बदललेला.

आणि इथेच राजकारण घरात शिरतं. फेब्रुवारी १९७२ मध्ये सिनेटर स्ट्रॉम थर्मंड यांनी लेननला देशाबाहेर काढावं असं निक्सन सरकारला सुचवलं. पुढच्याच महिन्यात हद्दपारीची कारवाई सुरू झाली. कागदोपत्री कारण होतं लंडनमधली १९६८ ची गांजाची जुनी केस. देश सोडावा लागला तर क्योकोचा शोधही सुटणार होता. लेनन १९७५ मध्ये अपील जिंकला, ग्रीन कार्ड मिळालं जुलै १९७६ मध्ये. तोवर त्याच्या गाण्यांतलं असं थेट राजकारण जवळपास संपलं होतं.

त्याच्याकडे पैसा होता, उत्तम वकील होता, जगभर नाव होतं. तरी चार वर्षं लागली. आपल्याकडे यातलं काही नाही, म्हणून मोर्चाचा फोटो टाकायचा की नाही यावर तुम्ही विचार करत बसत असाल तर मी तुम्हाला भित्रे म्हणणार नाही. पण आपण गप्प बसतो ती किंमत मोजून, आणि बोलतो तीही मोजून, एवढं तरी स्वतःशी मान्य करू या. लेननने किंमत मोजली. म्हणून गाणी चांगली ठरत नाहीत, पण ती फॅशन होती असंही मग म्हणता येत नाही.

ऐकायचा क्रम सांगते. १९९८ च्या 'जॉन लेनन अँथॉलॉजी'त ॲन आर्बर आणि अपोलोची रेकॉर्डिंग्ज आहेत, ती आधी ऐका. मग स्टुडिओची रेकॉर्ड. सगळ्यात शेवटी 'क्योको', हेडफोन लावून, आवाज जरा कमी ठेवून.