परोटा हा कोणता पदार्थ?



जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसांनी जकात आणि करांवर कशाला बोलावे, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. अर्थशास्त्राचे लोक आहेत, चार्टर्ड अकाउंटंट आहेत, ते बोलतील की! पण मंडळी, गेल्या काही वर्षांत करखात्यासमोर आणि न्यायालयांसमोर जे वाद झाले ते पाहिले, तर आम्हाला ते आमच्याच वर्गातले वाद वाटतात. परोटा म्हणजे रोटी का? खोबरेल तेल हे खायचे तेल की केसांचे? हे प्रश्न हिशेबाचे नाहीत. ‘वस्तू म्हणजे काय, आणि तिला अमुक नाव का द्यायचे’ हा तो प्रश्न आहे. आपल्या मराठीत गंमत अशी की ‘पदार्थ’ हा शब्द स्वयंपाकघरातही चालतो आणि वैशेषिक दर्शनातही. करखात्याने या दोन्ही पदार्थांची गाठ घालून दिली आहे.

परोट्यापासूनच सुरुवात करू. २०२० मध्ये कर्नाटकातल्या अग्रिम निर्णय प्राधिकरणापुढे प्रश्न आला की पाकिटातल्या परोट्यावर जीएसटी किती? खाखरा, साधी चपाती, रोटी यांना ५ टक्के होता. प्राधिकरण म्हणाले, हा परोटा खाण्याआधी गरम करावा लागतो, म्हणून तो रोटीच्या ओळीत बसत नाही, १८ टक्के भरा. २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी मलबार परोट्याबद्दल उलट सांगितले, की ५ टक्केच. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून चपाती, परोटा सगळ्यांवरचा कर शून्य झाला. म्हणजे पाहा, पीठ तेच, तवा तोच. पाच वर्षांत परोट्याचे काहीही बदलले नाही, पण कर १८, ५ आणि ० अशा तिन्ही घरांत जाऊन आला.

आता यात हसण्यासारखे आहे, आणि आपण हसलोही. पण थोडे थांबून विचार करू.

आपल्या नैयायिकांनी व्याख्या कशी तपासायची याची उत्तम शिस्त घालून दिली आहे. व्याख्येचे, म्हणजे लक्षणाचे, तीन दोष ते सांगतात. गाय म्हणजे तांबूस जनावर, असे म्हटले तर पांढरी गाय बाहेर राहते, ही अव्याप्ती. गाय म्हणजे शिंगे असलेले जनावर, असे म्हटले तर म्हैसही आत येते, ही अतिव्याप्ती. आणि गाय म्हणजे एकसंध खुराचे जनावर, असे म्हटले तर एकही गाय सापडत नाही, हा असंभव. ‘गरम न करता खाता येते ती रोटी’ ही व्याख्या या कसोटीला लावा. सकाळची पोळी संध्याकाळी तव्यावर टाकली, तर ती पोळी राहिली नाही काय?

कोणी म्हणेल, वर्गवारी केल्याशिवाय कर लावताच येत नाही. हे आम्हाला मान्य आहे. सगळ्याला एकच दर लावला तर मिठाला आणि मोटारीला एकच न्याय होईल, आणि तो न्याय नव्हे. जगभरच्या कस्टम्सलाही वर्गवारी लागतेच. ब्रसेल्सच्या जागतिक सीमाशुल्क संघटनेने तयार केलेली ‘हार्मोनाइज्ड सिस्टिम’ १ जानेवारी १९८८ पासून चालू आहे. पाच हजारांहून अधिक गट, प्रत्येकाला सहा आकडी क्रमांक. आपण भारतात तो आठ आकडी करतो. तिचे अर्थ लावण्याचे सहा सर्वसाधारण नियम आहेत. त्यातला तिसरा वाचून आम्ही चकित झालो. वस्तू दोन गटांत बसत असेल तर आधी अधिक नेमके वर्णन कोणते ते पाहा. मिश्रण किंवा संच असेल तर तिला तिचे मूळ स्वरूप कशामुळे येते ते शोधा. म्हणजे काय, तर अॅरिस्टॉटलचे सारतत्त्वच! आणि तेही सापडले नाही तर? तर क्रमाने जो आकडा शेवटी येतो तो घ्या. आम्हाला या शेवटच्या नियमाचा प्रामाणिकपणा आवडतो. बुद्धी जिथे संपते तिथे तो उघडपणे म्हणतो, की आता काहीतरी ठरवायचे म्हणून ठरवू.

१८९३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे टोमॅटो आला होता. भाजीवर १० टक्के जकात, फळाला माफी. वनस्पतिशास्त्र सांगते, टोमॅटो हे फळ. न्यायालय म्हणाले, असेल. पण लोक तो जेवणात भाजी म्हणून खातात, जेवणानंतर फळ म्हणून नाही. म्हणून जकात द्या. व्यापारी हरला, पण निकालामागे एक तत्त्व होते. कायद्यातल्या शब्दाचा अर्थ बाजारात आणि घरात शोधायचा. ग्राहकाला आणि विक्रेत्याला जो भेद दिसतो, तोच कायद्याने मानायचा.

हे तत्त्व आपल्या न्यायालयांनाही माहीत आहे. खोबरेलाचा खटला पाहा. छोट्या बाटलीतले शुद्ध खोबरेल खाद्यतेल की केशतेल, हा अबकारी कराच्या काळापासूनचा वाद. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला. १८ डिसेंबर २०२४ ला तीन न्यायमूर्तींनी सांगितले की केवळ बाटली लहान आहे म्हणून तेल केसांचे होत नाही. निकाल शहाणपणाचा आहे. पण पुढची गोष्ट ऐका. जेमतेम नऊ महिन्यांनी केसांच्या तेलावरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला, म्हणजे खाद्यतेलाच्या शेजारीच येऊन बसला. इतकी वर्षे ज्या भेदासाठी वकील झगडले, तो भेदच सरकारने एका बैठकीत पुसला. मग प्रश्न पडतो, की तो भेद मुळात कशासाठी होता?

हा ‘कशासाठी’ आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शुल्काध्यक्षाचे प्रकरण आहे. बाहेरून येणाऱ्या मालावर सर्वसाधारणपणे किमतीचा पाचवा भाग शुल्क. पण विवाहासाठी, यज्ञासाठी, भेट म्हणून नेलेल्या वस्तूंना माफी. तिथे भेद वस्तूच्या रंगरूपावर नाही, हेतूवर आहे. कौटिल्य काही मवाळ माणूस नव्हता. पण माफी कशासाठी, हे त्याच्या वेशीवरच्या गाडीवानालाही कळले असते.

आता आपल्याकडचे उदाहरण घ्या. १८ जुलै २०२२ पासून आधीच बांधलेल्या, लेबल लावलेल्या तांदूळ, गहू, डाळी, पिठावर ५ टक्के जीएसटी लागला, पण २५ किलोपर्यंतच्या पिशवीवर. सुटे घेतले तर नाही, आणि २५ किलोहून जड पोते घेतले तरी नाही. ही २५ किलोची रेषा आली कुठून? वजनमापाच्या नियमांतून. ग्राहकाला मापात फसवू नये म्हणून पाकिटावर काय छापावे, याचे ते नियम. तिथे ती रेषा योग्य होती. मोठे पोते घेणाऱ्याला त्या संरक्षणाची तितकी गरज नसते. करखात्याने ती रेषा उचलून स्वतःकडे आणली. झाले काय, तर ग्राहकाच्या रक्षणासाठी आखलेली रेषा त्याच ग्राहकाकडून वसुली करू लागली. ज्याच्याकडे एकदम पोते घ्यायला पैसे आणि ठेवायला जागा आहे त्याला कर नाही. जो पाच किलोची पिशवी नेतो तो भरतो. सुटे घ्यावे म्हटले, तर शहरात सुटे धान्य देणारे दुकान किती उरले आहे? यात कोणाचा दुष्ट हेतू होता असे आम्ही म्हणत नाही. एका हेतूसाठी केलेली व्याख्या दुसऱ्या हेतूला जुंपली, की अन्याय आपोआप होतो. आणि आपोआप झालेल्या अन्यायाची जबाबदारी कोणीच घेत नाही.

श्रेय द्यायचे तिथे दिले पाहिजे. २०२५ च्या अर्थसंकल्पात सीमाशुल्काचे सात दर काढून शून्यासह आठच ठेवले. हंगामी आकारणी वर्षानुवर्षे लोंबकळत असे, तिला दोन वर्षांची मुदत घातली. फार तर एक वर्ष वाढेल. सप्टेंबरमध्ये जीएसटीचे १२ आणि २८ हे टप्पे बव्हंशी गेले. ५ आणि १८ राहिले, आणि काही मोजक्या वस्तूंना ४०. हे चांगलेच झाले. पायऱ्या कमी झाल्या की घसरायच्या जागा कमी होतात. खारे पॉपकॉर्न ५ टक्क्यांत आणि कॅरामलचे १८ टक्क्यांत, हा भेदही तेव्हाच गेला.

दर कमी केले. कारण देण्याची सवय मात्र लागली नाही. आणि शंका आली तर तिचा फायदा कोणाला? २०१८ मध्ये मुंबईच्या कस्टम्सच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितले की कर लावणारे कलम संदिग्ध असेल तर फायदा करदात्याला, पण सवलतीची अधिसूचना संदिग्ध असेल तर फायदा सरकारला. सवलत ही कृपा आहे, ती ताणू नये, हा त्यामागचा विचार आम्हाला समजतो. तरीही खटकते. अधिसूचना लिहिते सरकार. वाक्य धूसर ठेवले सरकारने, आणि त्या धुक्यात हरवण्याची किंमत मोजायची नागरिकाने, हे न्याय्य कसे?

इथवर प्रश्न ‘वस्तू कोणती’ हा होता. २०२५ च्या ऑगस्टमध्ये जगाने त्याच्याही पुढचे पाऊल पाहिले. अमेरिकेने ७ ऑगस्टला बहुतेक भारतीय मालावर २५ टक्के आणि २७ ऑगस्टला आणखी २५ टक्के आयातशुल्क लावले. दुसऱ्या २५ चे कारण सांगितले, की भारत रशियाचे तेल घेतो. म्हणजे ‘वस्तू कोणती’ हा प्रश्न मागे पडला. ‘माणूस कुठला’ एवढेच उरले. अंधेरीच्या सीप्झमध्ये दागिना घडवणाऱ्या कारागिराने रशियाचे तेल विकत घेतले नव्हते. मित्रहो, कर वेगळा आणि दंड वेगळा. दंडाला अपराधी लागतो. ज्याने काही केलेच नाही त्याच्या मालावर दंड बसवायचा आणि त्याला शुल्क म्हणायचे, ही नावाची फसवणूक आहे. त्याच महिनाअखेरीस ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांची जकातमाफीही त्यांनी काढली, आणि नव्या वसुलीची व्यवस्था स्पष्ट नसल्यामुळे आपल्या टपाल खात्याला अमेरिकेकडची पार्सले थांबवावी लागली. ती सुरू झाली १५ ऑक्टोबरला, दिवाळी तोंडावर असताना. आपल्यापैकी ज्यांची मुले तिकडे आहेत त्यांना फराळाच्या डब्याचे काय झाले ते सांगायला नको. चकली-चिवड्याच्या डब्याला कौटिल्याच्या वेशीवर ‘भेट’ म्हणून माफी मिळाली असती.

तर आमचे म्हणणे थोडक्यात असे. वस्तूला नाव देण्याचा अधिकार ही मोठी सत्ता आहे, आणि सत्तेने कारण दिले पाहिजे. करातला कोणताही भेद तीन प्रश्नांना उत्तर देऊ शकला पाहिजे. घेणाऱ्याला आणि विकणाऱ्याला तो दिसतो का? तो कोणत्या हेतूसाठी आहे, आणि तो हेतू त्याने साधतो का? आणि शंका आली तर निकाल लवकर, आणि शब्द ज्याने लिहिले त्याच्या विरुद्ध लागतो का? ज्या भेदाला ही उत्तरे देता येत नाहीत, तो काढून टाकावा. महसूल थोडा बुडाला तरी.

शेवटी एक आठवण. २०२४ च्या सप्टेंबरात कोइमतूरला एका हॉटेलमालकाने जाहीर बैठकीत अर्थमंत्र्यांना सांगितले, की बनवर जीएसटी नाही, पण त्यात क्रीम घातले की १८ टक्के. गिऱ्हाईक म्हणते क्रीम वेगळे द्या, आम्हीच लावून घेतो. सभेत हशा पिकला. पुढे त्याच गृहस्थांची मंत्र्यांकडे माफी मागतानाची चित्रफीत सगळीकडे फिरली. आम्हाला तो हशा विसरता येतो, ती माफी विसरता येत नाही. त्यांचा प्रश्न शुद्ध तर्काचा होता. आमच्या वर्गात एखाद्या विद्यार्थ्याने तो विचारला असता, तर आम्ही त्याला शाबासकी दिली असती.

कर तर आपण भरूच. पण ‘का?’ असे विचारल्याबद्दल माफी मागायची वेळ कोणावर येऊ नये, एवढे तरी आपण नागरिक म्हणून पाहिले पाहिजे.