कोरा रकाना म्हणजे शून्य नव्हे

पूर्णा नदीच्या खोऱ्यात, म्हणजे अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांत, भुरकट रंगाची एक म्हैस पिढ्यान्‌पिढ्या पाळली जाते. ‘पूर्णाथडी’ या नावाने तिला २०२३ साली स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय मान्यता मिळाली. जात टिकवायची तर वंशावळीच्या नोंदी हव्यात. आता जनावराच्या कानात बारा अंकी बिल्ला असतो आणि नोंदी संगणकात जातात. वही हरवण्याची भीती गेली, हे चांगलेच झाले. आक्षेप आहे तो नोंदींवरून काढल्या जाणाऱ्या उत्तराबद्दल.

समजा, एकाच हल्ल्यापासून दोन वेगळ्या म्हशींना एक वगार व एक टोणगा झाला. पुढे या सावत्र भावंडांचा संयोग झाला, तर त्यांच्या पिल्लाचा अंतःप्रजनन गुणांक १२.५ टक्के येतो. म्हणजे त्याच्या कोणत्याही जनुकजोडीतील दोन्ही प्रती एकाच पूर्वजाच्या एकाच जनुकापासून आलेल्या असण्याची शक्यता आठात एक. हा आकडा वाढला की दडलेले दोष उघड होतात आणि प्रजननक्षमता घटते. परंतु हल्ल्याचा रकाना कोरा असेल तर? नेहमीची गणनपद्धती अज्ञात जनकांना परस्परांचे नातेवाईक मानत नाही. उत्तर येते शून्य! पशुपालक निर्धास्त होतो.

असे का घडते? हा गुणांक स्यूअल राइट यांनी १९२२ साली मांडला. त्याआधी १९१५ पासून ते अमेरिकेच्या कृषी खात्यात गिनीपिगांच्या वसाहतीवर काम करीत होते. तेथे १९०६ पासून भावाबहिणींचे संयोग घडवून नोंदी ठेवल्या जात होत्या. पिंजऱ्यात बाप कोण हे ठाऊक असते. गावच्या कळपात ते पुष्कळदा ठाऊक नसते. सूत्र चुकीचे नाही. बंदिस्त वसाहतीतले गृहीतक मोकळ्या कळपाला न सांगता लावले, ही चूक आहे.

यावर उपाय आहेत. अज्ञात जनकांमुळे येणारी ही तूट भरून काढणारी पद्धत पॉल व्हॅनरॅडेन यांनी १९९२ सालीच सुचवली. डीएनए चाचणीने बापाची ओळख पटवता येते. निदान उत्तराशेजारी ‘किती पिढ्यांतील किती पूर्वज ज्ञात’ एवढे तरी संगणकाने छापावे. ते न छापणाऱ्या आज्ञावलीचा शून्य आपण स्वीकारू नये.

शिक्षकांना हे नवे वाटू नये. हजेरीपटावरील कोरा रकाना आणि गैरहजेरी यांत आपण रोज फरक करतो. वर्गात हा प्रयोग जरूर करावा : वरील सहा जनावरांची वंशावळ फळ्यावर काढून गुणांक काढावा, मग हल्ल्याचे नाव पुसून पुन्हा काढावा. जनावरे तीच राहतात, नातेही तेच राहते. बदलते ते फक्त आपले ज्ञान. ‘नाही’ आणि ‘माहीत नाही’ यांतला हा भेद विद्यार्थ्यांना कळला, तर संगणकाच्या पडद्यावरील प्रत्येक आकड्याला ते एक प्रश्न विचारू लागतील : हा कशाच्या आधारे काढला?