पावतीवरील शब्द आणि कामगाराची त्वचा : पिंपरी-चिंचवड व चाकण पट्ट्यातील किरकोळ त्वचा-उपचारांच्या देयकांची चिकित्सा

भोसरी, चिंचवड व चाकण येथील यंत्रशाळांत काम करणाऱ्यांच्या हातांना कूलंट, वंगण आणि धातूची बर यांचा नित्य सहवास असतो. बोटात रुतलेली बर काढणे, गळूला छेद देणे, नखुरडे, कुरूप, चामखीळ असे उपचार दवाखान्यातच, गरज पडल्यास स्थानिक भूल देऊन, थोड्या वेळात उरकले जातात. रुग्णाच्या हाती पडणाऱ्या पावतीवर बहुधा ‘तपासणी व ड्रेसिंग’ किंवा नुसतेच ‘उपचार’ असे लिहिलेले असते. देयकाकडे हिशेबाचा कागद म्हणून पाहण्याची प्रथा आहे. प्रस्तुत लेखात त्याचा विचार एक संहिता म्हणून केला आहे. कारण त्यातील एखाद्या शब्दावर कामगाराचा हक्क अवलंबून असतो.

तुलनेसाठी अमेरिकेतील पद्धती पाहता येईल. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९६६ मध्ये प्रथम प्रसिद्ध केलेल्या सीपीटी संकेतावलीत साध्या, एकाच गळूच्या छेदासाठी १००६०, तर गुंतागुंतीच्या वा अनेक गळवांसाठी १००६१ असे संकेत आहेत. चामखिळी १४ पर्यंत असतील तर १७११०, त्याहून अधिक असतील तर १७१११. त्याच भेटीतील तपासणीचे शुल्क वेगळे मागावयाचे असल्यास ती स्वतंत्र व लक्षणीय होती, हे २५ या जोडसंकेताने दर्शवावे लागते. पुणे परिसरातील अनेक पदवीधर ही भाषा शिकून परदेशी दवाखान्यांची देयके तयार करतात. तेथील रुग्णाच्या चामखिळी येथे मोजल्या जातात, चाकणच्या कामगाराच्या पावतीला मात्र असे कोणतेही व्याकरण नाही. अर्थात ही पद्धती आदर्श मानण्याचे कारण नाही. संकेत थेट मोबदल्याशी जोडलेला असल्याने वर्णनाची सूक्ष्मता ही उत्पन्नवाढीची युक्ती होऊ शकते, आणि त्या वादांवर एक वेगळाच उद्योग पोसला जातो.

भारतात प्रश्न उलट टोकाचा आहे. विमा नियामक प्राधिकरणाच्या प्रमाणित व्याख्येनुसार ‘डे केअर’ उपचार म्हणजे सर्वसाधारण वा स्थानिक भूल देऊन, तंत्रप्रगतीमुळे २४ तासांच्या आत होणारा, परंतु एरवी त्याहून अधिक काळ दाखल व्हावे लागले असते असा उपचार. सामान्यतः बाह्यरुग्ण म्हणून घेतला जाणारा उपचार त्यातून वगळला आहे. व्याख्येच्या आरंभीचा ‘स्थानिक भूल’ हा शब्द गळू फोडून घेणाऱ्याला आशा दाखवतो, शेवटचे वाक्य ती काढून घेते. ‘सामान्यतः’ म्हणजे कोणाच्या दृष्टीने, हे मोघमच राहते. परिणामी बाह्यरुग्ण लाभ नसलेल्या पॉलिसीत छोट्या छेदाचा खर्च रुग्णाच्या खिशातून जातो, किंवा दाखल होण्याची गरज नसताना दाखल होण्याचा मोह निर्माण होतो. एकीकडे पावती निम्मे सांगते, दुसरीकडे दुप्पट.

राज्य कामगार विमा योजनेत समाविष्ट असणाऱ्यास योजनेच्या दवाखान्यात देयकच नसते. परंतु २०१७ पासून २१,००० रुपये असलेली मासिक वेतनमर्यादा ओलांडलेला, किंवा रजा बुडू नये म्हणून पाळी संपल्यावर जवळच्या खाजगी डॉक्टरांकडे जाणारा कामगार त्या छत्राबाहेर राहतो. येथे पैशापेक्षा मोठा प्रश्न आहे. खनिज तेलामुळे होणारा त्वचादाह १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत अधिसूचनीय रोग होता, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेच्या तिसऱ्या अनुसूचीतही तो आहे. असा रोग आढळल्यास कळविण्याची जबाबदारी उपचार करणाऱ्या डॉक्टरांवरही आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या दहाव्या रोगवर्गीकरणात तेल व वंगणजन्य त्वचादाहासाठी एल २४.१ असा नेमका संकेतही आहे. ‘ड्रेसिंग’ या शब्दात तेल, यंत्र आणि कारखाना तिन्ही लोप पावतात.

एका मदतनिसाच्या आधारे चालणाऱ्या दवाखान्याकडून परदेशी संकेतावलीची अपेक्षा करणे अव्यवहार्य आहे, ती येथे कोणी मागूही नये. अवयव कोणता, काय केले, भूल व टाके होते काय आणि संभाव्य कारण कोणते, एवढे मराठीत लिहिण्यास एक ओळ पुरते. अडचण शेवटच्या बाबीची आहे. कंत्राटी कामगाराला काम जाण्याची धास्ती असेल तर कारण लिहू नये, अशी विनंती तोच करील. त्या वेळी डॉक्टरांनी कायद्याची नोंद पाळावी की रुग्णाचा शब्द, याचे उत्तर कोणत्याही संकेतावलीत दिलेले नाही.