इपॉक्सीखालचा परिपथ

इलेक्ट्रिक गिटारचा जुन्या धर्तीचा ॲम्प्लिफायर उघडला तर आत काय दिसते? काही निर्वात नळ्या, ज्यांना जुन्या रेडिओमुळे आपण व्हॉल्व्ह म्हणून ओळखतो. दोन जड ट्रान्स्फॉर्मर. आणि एका पट्टीवर ओळीने झाळलेले रोधक आणि धारित्रे, म्हणजे बाजारात ज्यांना रेझिस्टर आणि कपॅसिटर म्हणतात ते. अमेरिकेतील अलेक्झांडर डंबल (१९४४–२०२२) यांनी बनवलेल्या अनेक ॲम्प्लिफायरांत मात्र या पट्टीच्या काही भागावर कडक झालेल्या इपॉक्सीचा थर दिसतो. दोन नळ्यांतला पदार्थ एकत्र करून आपण तुटलेल्या वस्तू चिकटवतो, त्याच जातीचा हा पदार्थ. तो ओतण्याचा मुख्य हेतू उघड आहे. आत कोणते फेरफार केले आहेत ते दुसऱ्याला कळू नयेत.

डंबल हे एकट्याने काम करणारे कारागीर होते. गिऱ्हाईकाचे वादन ऐकून ते त्याच्यापुरता ॲम्प्लिफायर जुळवीत. लॅरी कार्लटन, रॉबेन फोर्ड यांसारखे नामांकित वादक त्यांची यंत्रे वापरीत, आणि आज त्यांतल्या काहींना एक लाख डॉलरहून अधिक किंमत येते. या यंत्रांचा आवाज चांगला असतो, त्याविषयी माझी तक्रार नाही. तक्रार त्या थराविषयी आहे. वाचकांना वाटेल, आपल्या वर्गाशी या गिटारचे काय देणेघेणे? पण बंद पेटीत काय असावे याचा बाहेरून अंदाज बांधणे हा तर विज्ञान शिकवणाऱ्याचा नेहमीचाच विषय. म्हणून हे प्रकरण जरा खोलात जाऊन पाहण्यासारखे आहे.

प्रथम फेरफार म्हणजे काय ते पाहू. रेडिओचा आवाज फार मोठा केला की तो फाटतो. व्हॉल्व्हला किंवा ट्रान्झिस्टरला जेवढा विद्युतदाब देता येतो त्याहून मोठी लाट मागितली, की लाटेचे शेंडे छाटले जातात आणि मूळ स्वरात नसलेली वरची उपस्वरे तयार होतात. गाणे ऐकताना हा दोष आहे. गिटारवादकाला मात्र तो हवा असतो, पण मोजका, बोटांच्या जोरावर कमीजास्त होणारा. म्हणून मूळच्या स्वच्छ आवाजाच्या परिपथाला व्हॉल्व्हचे आणखी टप्पे जोडायचे, दोन टप्प्यांमधले धारित्र लहान करून खर्जाचा भाग आधीच कमी करायचा, एखादा रोधक वाढवून पुढच्या टप्प्यात जाणारी लाट आवरायची, असे बदल केले जातात. डंबल यांच्या ‘ओव्हरड्राइव्ह स्पेशल’ची ढोबळ रचना हीच. फेंडर कंपनीच्या धर्तीचा स्वच्छ भाग, आणि त्यामागे आवाज फाडणारे जादा टप्पे. या घटकांत अद्भुत काही नाही. कौशल्य आहे ते किती आणि कुठे यात.

आता हे ‘किती आणि कुठे’ लपवता येते का? व्हॉल्व्ह जळतात आणि बदलावे लागतात. त्यामुळे व्हॉल्व्हच्या सॉकेटवर इपॉक्सी ओतून चालत नाही, त्याच्या पिना उघड्याच राहतात. समजा एका टप्प्याचा दाब मोजला. पुरवठा ३०० व्होल्ट, प्लेटवर २०० व्होल्ट, कॅथोडवर १.५ व्होल्ट. यंत्र बंद करून, आतली धारित्रे रिकामी करून, कॅथोडच्या पिनेपासून पत्र्यापर्यंतचा रोध मोजला तो १,५०० ओहम आला. म्हणजे धारा १ मिलिअँपिअर. तीच धारा प्लेटच्या रोधकातून जाते आणि तिथे १०० व्होल्ट खर्ची पडतात, म्हणजे तो रोधक १ लाख ओहमचा. चार वाचने आणि ओहमचा नियम, एवढ्यावर इपॉक्सीखालचे दोन घटक कळले. धारित्रांसाठी वेगवेगळ्या वारंवारतेच्या लाटा सोडून पुढच्या पिनेवर काय पोचते ते पाहावे लागते. काम कंटाळवाणे आहे, अवघड नाही. शिवाय इपॉक्सी खरवडून काढणारेही असतातच. डंबलच्या परिपथांचे आराखडे गेली कित्येक वर्षे दुरुस्ती करणाऱ्यांच्या हाती आहेत ते असेच.

गुपित फुटल्यावर काय होते, याचे स्वच्छ उदाहरण ॲम्प्लिफायरच्या एका शेजाऱ्याकडून मिळते. बिल फिनेगन यांनी १९९४ पासून ‘क्लॉन सेंटॉर’ नावाची, पायाने चालूबंद करायची एक पेटी विकायला सुरुवात केली. गिटार आणि ॲम्प्लिफायर यांच्यामध्ये ती जोडतात. हिच्याही आत इपॉक्सी. साधारण ८,००० पेट्या तयार झाल्या. २००७ मध्ये तिचा परिपथ उकलला गेला. आत काय निघाले? कोणत्याही दुकानात मिळणारी ऑप-ॲम्पची चकती, जर्मेनियमचे दोन डायोड, ९ व्होल्टच्या बॅटरीतून जास्त दाब तयार करणारी एक छोटी जोडणी, आणि स्वच्छ व फाटलेला असे दोन्ही आवाज एकाच खुंटीने मिसळण्याची सुरेख युक्ती. ही युक्ती खरोखर चांगली आहे आणि ती विद्यार्थ्यांना शिकवावी अशी आहे. त्यानंतर स्वस्त नकला भराभर निघाल्या. मग मूळ पेटीची किंमत उतरायला हवी होती. ती चढली, काही हजार डॉलरांवर गेली. म्हणजे गिऱ्हाईक ज्याचे पैसे मोजत होते ते इपॉक्सीखाली नव्हतेच.

मग तो थर नेमका कोणाला अडवतो? नक्कल करणाऱ्याला नाही, तो आठवडाभर बसून उकल करील. अडतो तो दुरुस्ती करणारा. दोन टप्प्यांमधले धारित्र वीस-तीस वर्षांनी गळू लागते, म्हणजे त्याने अडवायचा तो एकदिश दाब थोडाथोडा पुढे झिरपतो. पुढच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडवर हा धन दाब पोचला की त्यातून नको इतकी धारा वाहते आणि आवाज बिघडतो. एरवी हे दहा मिनिटांचे काम. जुने धारित्र काढा, नवे झाळा. तेच धारित्र दगडासारख्या थरात असेल तर शेजारचे चांगले घटक फोडल्याशिवाय हात पोचत नाही. आणि आराखडा नसलेल्या यंत्रात काम करणे धोक्याचेही आहे. व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरात ४०० व्होल्टच्या पुढचा दाब असतो, आणि पुरवठ्याची मोठी धारित्रे बटण बंद केल्यावरही तो धरून बसू शकतात. एखादी तार मूळ जागेवरून हलवून थराखालून दुसरीकडे नेली असेल, तर छापील आराखड्यावर विसंबणारा माणूस फसतो.

आमच्या प्रयोगशाळेतही असे एक उपकरण आले होते. त्यातील चकत्यांवरचे क्रमांक कारखान्यातच घासून काढलेले. अत्यंत सूक्ष्म धारा मोजण्याचे ते यंत्र बंद पडले तेव्हा कोणती चकती मागवायची हेच कळेना, आणि पुरवठादार म्हणाला, अख्खा भागच नवा घ्या. आमच्या तंत्रज्ञाने पिनांवरून अंदाज बांधून दीडशे रुपयांची चकती बसवली. यंत्र चालू झाले; पण मधले तीन महिने विद्यार्थ्यांचे वाया गेले ते गेलेच.

इपॉक्सी ओतायला काही योग्य कारणेही असतात, हे सांगायला हवे. ट्रान्स्फॉर्मरमध्ये दमट हवा जाऊ नये, गाडीतल्या उपकरणातले घटक हादऱ्याने सुटू नयेत, उच्च दाबाची ठिणगी उडू नये, यासाठी ते ओततात. पण व्हॉल्व्हच्या पहिल्या टप्प्यांवर ते ओतण्यात एक गंमत आहे. इपॉक्सी विद्युतदृष्ट्या हवेसारखे नसते. त्याचा परावैद्युत स्थिरांक हवेच्या तिप्पट-चौपट असतो. दोन शेजारच्या तारा म्हणजे एक नकळत बनलेले धारित्र, आणि मध्ये इपॉक्सी आले की ते तितक्या पटीने वाढते. हे आकडे पिकोफॅरडचे, नगण्य वाटणारे. पण ग्रिड आणि प्लेट यांच्यामधल्या पिकोफॅरडला नगण्य म्हणता येत नाही. ग्रिड १ व्होल्टने वर गेले की प्लेट, समजा, ६० व्होल्टने खाली येते. दोघांमधला फरक ६१ व्होल्टने बदलला, म्हणून त्या चिमुकल्या धारित्राला ६१ पट विद्युतभार पुरवावा लागतो. व्हॉल्व्हमध्ये मुळात असलेले १.६ पिकोफॅरड असे १०० पिकोफॅरडसारखे वागतात. यालाच मिलर परिणाम म्हणतात. ग्रिडच्या वाटेत ४.७ लाख ओहमचा रोधक असेल तर उंच स्वर साधारण ३,४०० हर्ट्झपासून उतरू लागतात. इपॉक्सीमुळे यात फक्त १ पिकोफॅरडची भर पडली, तर हीच मर्यादा २,१०० हर्ट्झवर येते. गिटारच्या स्पीकरचा आवाज ५,००० हर्ट्झच्या आसपास संपत जातो हे लक्षात घेतले, तर हा फरक कानाला कळण्याजोगा आहे. म्हणजे झाकण म्हणून ओतलेला पदार्थ स्वतःच परिपथाचा एक घटक होऊन बसतो, आणि तोही किंमत न छापलेला. ‘इपॉक्सीतच काहीतरी आहे’ असे म्हणणारे भाविक अगदीच चूक नसतात, फक्त त्यांना वाटते ते कारण नसते.

कारागिराची बाजू अशी, की मोठी कंपनी माझी कल्पना उचलील आणि मला विचारणारही नाही. ही भीती खोटी नाही. पण त्यावर दुसरा मार्ग होता. रँडल स्मिथ हे मेसा-बूगी ॲम्प्लिफायरचे निर्माते. फेंडरच्या लहान ॲम्प्लिफायरमध्ये फेरफार करता करताच ते या धंद्यात आले. स्वच्छ आणि फाटका अशा दोन्ही पद्धतींनी चालणाऱ्या त्यांच्या परिपथाला १९८० मध्ये अमेरिकेत पेटंट मिळाले. पेटंटचा सौदा सरळ असतो. रचना आराखड्यासह जाहीर करा, आणि काही वर्षे (तेव्हाच्या नियमाने मंजुरीपासून १७) तिच्यावर तुमचा एकट्याचा हक्क. नंतर ती सर्वांची. पेटंट मिळवायला आणि न्यायालयात सांभाळायला पैसा लागतो, आणि एकांड्या कारागिराजवळ तो नसतो, हे मी मान्य करतो. म्हणून डंबल यांना दोष देताना माझी लेखणी थोडी अडते. पण इपॉक्सीच्या गुपिताला मुदत नसते आणि ते जाहीर करण्याची सक्तीही नसते, हे विसरता येत नाही.

उघड्या आराखड्याने धंदा बुडतो, याला इतिहासाचाही आधार नाही. १९६२ च्या सुमारास लंडनमध्ये जिम मार्शल यांच्या दुकानातल्या केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन यांनी फेंडर ‘बेसमन’चा परिपथ जवळजवळ जसाच्या तसा उचलला. एक व्हॉल्व्ह जास्त वर्धनाचा घातला, ट्रान्स्फॉर्मर इंग्लंडात मिळत होते ते वापरले, स्पीकर मागून बंद पेटीत बसवले. त्यातून निघाला तो वेगळाच आवाज, आणि पुढची कित्येक वर्षे रॉक संगीत त्यावर वाजले. फेंडर कंपनीही टिकलीच.

जिथे माहिती नसते तिथे अफवा येतात. एडी व्हॅन हेलन (१९५५–२०२०) यांच्या मार्शलमध्ये कोणीतरी गुप्त फेरफार केले आहेत असा बोलबाला झाला, आणि ‘तोच’ फेरफार करून देणारे कारागीर पैसे कमावू लागले. खरी युक्ती निराळी होती. व्हेरिॲक नावाच्या बदलत्या ट्रान्स्फॉर्मरने ते घरगुती पुरवठ्याचा दाब सुमारे ९० व्होल्टपर्यंत खाली आणीत. सुरुवातीच्या मुलाखतींत मात्र आपण दाब वाढवतो असे त्यांनी सांगितले होते. तसे खरोखर करून पाहणाऱ्याचे व्हॉल्व्ह आणि ट्रान्स्फॉर्मर जळू शकतात. लपवण्यापेक्षा हा प्रकार मला अधिक गंभीर वाटतो.

आपल्याकडे घराण्यांतल्या चिजा अशाच जपल्या जात. भातखंड्यांनी त्या मिळवून स्वरलिपीत छापल्या, म्हणून पुस्तक उघडून कोणी गवई झाला नाही, आणि गवयांच्या मैफलीही ओस पडल्या नाहीत.

हा विषय वर्गात आणायचा असेल तर गिटारची गरज नाही. प्लास्टिकचे दोन सारखे डबे घ्या. पहिल्यात चार पेन्सिल सेल एकसरीत जोडा आणि बाहेर येणाऱ्या एका तारेत १०० ओहमचे दोन रोधक समांतर घाला. दुसऱ्यात आठ सेल एकसरीत, त्यांच्यावर १०० ओहमचेच दोन रोधक एकसरीत, आणि त्यांतल्या एका रोधकाच्या दोन टोकांवरून तारा बाहेर काढा. पहिल्या डब्यात चार संपलेले सेल टाका, म्हणजे वजनावरून ओळखता येणार नाही. रोधक अर्ध्या वॅटचे असू द्या. आता मुलांना व्होल्टमापी आणि ५० ओहमचा एक रोधक द्या. दोन्ही डबे नुसते असताना सुमारे ६ व्होल्ट दाखवतात, आणि ५० ओहम जोडल्यावर सुमारे ३. थेवेनिनने १८८३ मध्ये सांगितले तेच. तारांना काहीही जोडून मोजा, या दोहोंत फरक सापडत नाही. म्हणजे या डब्याची नक्कल करणाऱ्याला तो उघडण्याची गरजच पडत नाही, दुरुस्त करणाऱ्याला मात्र पडते.

तरी एखादी मुलगी पंधरा-वीस मिनिटांनी दुसरा डबा कोमट लागतो असे सांगतेच. त्यात काही जोडलेले नसतानाही ६० मिलिअँपिअर धारा वाहत असते. तास संपल्यावर डबे मुलांसमोर उघडावेत आणि दुसऱ्यातला एक सेल लगेच काढून ठेवावा. रात्रभर तसाच राहिला तर सकाळपर्यंत सगळे सेल उतरलेले असतात.